ज्युलियसचे मद्यालय आणि 'डिसऑर्डर्ली' या शब्दाचा अर्थ

न्यूयॉर्क शहराच्या ग्रिनिच व्हिलेज या भागात पश्चिम दहावा रस्ता आणि वेव्हर्ली प्लेस जेथे एकमेकांस मिळतात, त्या कोपऱ्यावर 'ज्युलियस' या नावाचे एक जुने मद्यालय आहे. ज्या इमारतीत ते आहे तिचा आरंभीचा भाग १८२६ मधील असून १८६४ पासून तेथे मद्याचा व्यवसाय चालत आला आहे. 'ज्युलियस' हे नाव त्या मानाने अलीकडचे, १९३० च्या सुमाराचे होय. १९२० ते १९३३ या अखिल अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात तेथे दारू चोरून मिळे. बंदी उठल्यावर वृत्तपत्रांतील क्रीडालेखक, जॅझवादक, आसपासचे रहिवासी असा संमिश्र वर्ग तेथे येऊ लागला. लाकडी बार, भिंतींवर दाटीने लावलेल्या तसबिरी आणि पेल्याबरोबर मिळणारा हॅम्बर्गर एवढ्यावर त्याची ख्याती होती. शहरातील प्रत्येक आळीला असे एक मद्यालय असते आणि त्याचा इतिहास लिहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

१९५० नंतरच्या दशकात या मद्यालयात समलिंगी पुरुषांची ये-जा वाढली, आणि १९६० नंतरचे दशक संपता संपता ते त्यांचेच म्हणून ओळखले जाऊ लागले. न्यूयॉर्कमधील समलिंगी मद्यालयांपैकी अखंड चालू राहिलेले सर्वांत जुने, असे त्याचे वर्णन आता केले जाते. त्याच्या कीर्तीचे कारण म्हणून २१ एप्रिल १९६६ या दिवसाचा उल्लेख होतो. त्या दिवशी काही समलिंगी पुरुषांनी तेथे जाऊन मद्य मागितले, आणि त्यातून त्यांच्या हक्कांच्या चळवळीला गती मिळाली, असे स्मरणलेखांतून व मार्गदर्शिकांतून सांगितले जाते. ते खोटे नव्हे. परंतु त्यात एक गोष्ट ओझरती सांगून पुढे जाण्याची प्रवृत्ती दिसते. त्या दिवशी ज्युलियसने मद्य दिले नाही. ज्या जागेने नकार दिला तीच जागा नकार मिळालेल्यांचे स्मारक झाली, आणि ती त्यांनी आपण होऊन स्मारक मानली. हे कसे घडले याचा उलगडा त्या काळच्या मद्यविषयक कायद्यातील एका शब्दाकडे पाहिल्यावाचून होत नाही.

डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदीची घटनात्मक तरतूद रद्द झाली आणि मद्यविक्रीचे नियंत्रण एकेका राज्याकडे आले. न्यूयॉर्क राज्याने १९३४ मध्ये मद्यनियंत्रणाचा कायदा करून राज्य मद्य प्राधिकरण स्थापन केले. परवाना देणे, तो स्थगित करणे, काढून घेणे हे सारे या प्राधिकरणाच्या हाती होते. कायद्याच्या १०६ व्या कलमात परवानाधारकावर एक बंधन घातले होते : त्याने आपल्या जागेत जुगार चालू देऊ नये, आणि ती जागा 'डिसऑर्डर्ली' होऊ देऊ नये. समलिंगी माणसांचा या कलमात कोठेही उल्लेख नाही. त्यांना मद्य देऊ नये असे वाक्य त्या कायद्यात शोधूनही सापडणार नाही. तरी सुमारे तीन दशके प्राधिकरण, पोलीस आणि मद्यालयांचे चालक हे सारे असे वाक्य त्यात आहे असे धरून वागत होते.

'डिसऑर्डर्ली' या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द देणे कठीण आहे. 'अव्यवस्थित' म्हटले तर पसरलेले टेबल डोळ्यांपुढे येते, 'बेशिस्त' म्हटले तर वर्गातील विद्यार्थी. 'बेबंद' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, कारण त्यात बंधन सुटल्याची भावना आहे. पण इंग्रजी शब्दाला कायद्याच्या भाषेत जो वास चिकटला आहे तो 'बेबंद'लाही नाही. इंग्लंडमध्ये १७५१ च्या एका अधिनियमाने वेश्यागृहे, जुगाराचे अड्डे वगैरे ठिकाणांवर कारवाईची सोय केली. अशा घरांना 'डिसऑर्डर्ली हाउस' ही संज्ञा होती. तेथून हा शब्द नुसत्या गोंगाटाचा न राहता अनीतीच्या जागेचा वाचक झाला आणि तो अर्थ घेऊनच अमेरिकेच्या कायद्यांत उतरला. न्यूयॉर्क राज्याने १९२३ मध्ये आपल्या दंडविधानातील 'डिसऑर्डर्ली' वर्तनाच्या कलमात एक पोटकलम घातले. त्यान्वये एका पुरुषाने दुसऱ्यास अनैसर्गिक संबंधासाठी सार्वजनिक ठिकाणी गळ घालणे हा या वर्तनाचा एक वेगळा प्रकार ठरला. म्हणजे १९३४ चा मद्यकायदा झाला त्या वेळी 'डिसऑर्डर्ली' आणि 'समलिंगी' या दोन शब्दांची सांगड शेजारच्या कायद्यात आधीच घातली गेली होती. प्राधिकरणाने एवढेच केले की, वर्तनाचे विशेषण माणसाला लावले. काय केले म्हणजे जागा बेबंद होते, या प्रश्नाच्या जागी कोण आले म्हणजे बेबंद होते, हा प्रश्न येऊन बसला. समलिंगी माणूस शांतपणे पेला घेऊन बसला तरी त्याच्या असण्यानेच जागा बिघडते, असा त्याचा निष्कर्ष होता.

या अर्थाला आव्हान मिळाले नाही असे नाही. मॅनहॅटनमधील 'ग्लोरिया' या मद्यालयाचा परवाना गेला तेव्हा त्याच्या चालकाने १९४० च्या सुमारास न्यायालयात दाद मागितली. समलिंगी माणसांनी एकत्र येण्यास अथवा त्यांना मद्य देण्यास कायद्यात मनाई नाही, ती माणसे नीट वागत असली म्हणजे झाले, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. हाच युक्तिवाद सव्वीस वर्षांनी ज्युलियसच्या बारपाशी पुन्हा उभा राहिला. फरक असा की, १९४० मध्ये तो धंदेवाईकाने आपल्या परवान्यासाठी केला होता, आणि १९६६ मध्ये तो गिऱ्हाइकांनी केला.

कलमातील क्रियापदाकडेही लक्ष द्यावयास हवे. जागा बेबंद 'करू' नये असे कायदा म्हणत नाही. ती बेबंद होणे 'चालवून घेऊ' नये वा 'होऊ देऊ' नये असे म्हणतो. चालवून घेण्यात माहीत असणे गृहीत आहे. जे ठाऊकच नाही ते चालवून घेतले असे म्हणता येत नाही. त्यामुळे मद्यालयाच्या चालकाचे सारे संरक्षण न कळण्यात होते, आणि गिऱ्हाइकाचे संरक्षण न सांगण्यात. महाराष्ट्रातील वाचकास येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाच परवाना लागतो. 'परमिट रूम' हा मराठीत रूढ झालेला शब्द त्यातूनच आला. न्यूयॉर्कमध्ये पिणाऱ्याला काही लागत नाही. तेथे परवाना विकणाऱ्याचा. म्हणून तेथील शासनाने पिणाऱ्याला सरळ धरण्याऐवजी विकणाऱ्याला धरले आणि गिऱ्हाइकांवर नजर ठेवण्याचे काम त्याच्यावर सोपविले. अशा मद्यालयांतून पुरुषांनी बारकडे तोंड करून उभे राहावे, एकमेकांकडे वळून बोलू नये, अशी ताकीद मिळे. साध्या वेशातील पोलीस गिऱ्हाईक बनून येत, बोलणे काढीत आणि समोरच्याने आशेने उत्तर दिले की अटक करीत. परवाना गमावण्याची जोखीम प्रामाणिक चालकाला परवडत नसल्याने हा व्यवसाय हळूहळू गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती गेला, आणि मग तो गुन्हेगारांच्या हाती आहे हेच त्यावरील कारवाईचे आणखी एक कारण झाले.

ज्युलियस टोळीचे नव्हते. ते खऱ्याखुऱ्या परवान्यावर चालणारे आळीतील जुने मद्यालय होते, आणि तेथे जाणाऱ्या समलिंगी पुरुषाला त्याचे मोल नेमके याच गोष्टीत होते. तेथे गेल्याने माणूस कोण हे उघड होत नसे. शेजारी क्रीडालेखकही बसलेला असे. चालकांना हे गिऱ्हाईक हवे होते, पण त्याचे नाव नको होते. असा हा न बोललेला करार होता, आणि बहुतेक दिवस तो दोन्ही बाजूंनी पाळला जाई.

हा करार मोडण्याचे ठरविले ते मॅटाशीन सोसायटी या संस्थेच्या न्यूयॉर्क शाखेने. मूळ संस्था हॅरी हे यांनी १९५० मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन केली होती. न्यूयॉर्कची शाखा १९५५ मध्ये निघाली. मध्ययुगीन फ्रान्समधील मुखवटे घालून खेळ करणाऱ्यांच्या मंडळींवरून हे नाव घेतले होते, आणि मुखवट्याआड राहून बोलणाऱ्यांच्या संस्थेला ते शोभतही होते. १९६५-६६ च्या सुमारास न्यूयॉर्क शाखेत मुखवटा काढू पाहणाऱ्या तरुणांचा जोर झाला. डिक लाइच हे त्या वेळी शाखेचे अध्यक्ष. त्यांच्याबरोबर क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स होते. रँडी विकर मागाहून येऊन मिळाले. योजना साधी होती. वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना बरोबर घेऊन मद्यालयात जावयाचे, आपण समलिंगी आहोत असे सांगून मद्य मागावयाचे, आणि नकार मिळाला की प्राधिकरणाकडे तक्रार करावयाची.

२१ एप्रिलच्या दुपारी हे तिघे सूट व टाय अशा वेषात निघाले. त्या दिवसाची कथा पुढे इतिहासाच्या गांभीर्याने सांगितली गेली असली तरी प्रत्यक्षात तिच्यात प्रहसनाचा अंश बराच होता. सेंट मार्क्स प्लेसवरील एका युक्रेनियन उपाहारगृहात समलिंगी माणसांनी निघून जावे अशा अर्थाची यमकबद्ध पाटी होती, म्हणून प्रथम तेथे जाण्याचे ठरले होते. पण वृत्तपत्रवाल्यांकडून चालकाला आधीच सुगावा लागला आणि त्याने दुकानच बंद ठेवले. मग मंडळी सहाव्या ॲव्हेन्यूवरील 'हॉवर्ड जॉन्सन'मध्ये गेली. तेथील व्यवस्थापकाने त्यांचे निवेदन ऐकले, तो हसला आणि त्याने मद्य आणावयास सांगितले. जवळच्या 'वाइकीकी' नावाच्या ठिकाणीही तेच झाले. नकाराच्या शोधात निघालेल्यांना कोणी नकार देईना. शेवटी ज्युलियसची आठवण झाली. तेथे काही दिवसांपूर्वीच साध्या वेशातील पोलिसाने एका गिऱ्हाइकास अटक केली होती आणि मद्यालयाचा परवाना संकटात होता. तेथे तरी नकार मिळेल असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला.

बारमागच्या माणसाने पेला पुढे ठेवला. मग निवेदन सांगितले गेले : आपण समलिंगी आहोत, आपले वर्तन शिस्तीचे आहे, पुढेही राहील, आणि आपणांस मद्य द्यावे. ते ऐकताच बारमागच्या माणसाने पेल्यावर हात ठेवला. 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाचे छायाचित्रकार फ्रेड मॅक्‌डॅरा यांनी नेमका तो क्षण टिपला. टाय घातलेली माणसे बारपाशी उभी आहेत, आणि पेल्याच्या तोंडावर एक पालथा तळवा आहे. नकाराचे इतके स्पष्ट चित्र कोणत्याही न्यायालयीन कागदात मिळणार नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रसंगात एक गोष्ट विशेष वाटेल. पेला पुढे ठेवला तेव्हा आणि त्यावर हात आला तेव्हा समोरची माणसे तीच होती, त्यांचा वेष तोच होता, वर्तन तेच होते. मध्ये घडले ते केवळ एक वाक्य. जे. एल. ऑस्टिन यांची जी व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, त्यांत उच्चार ही कृती कशी असते याचे विवेचन आहे. विवाहातील संमती, नामकरण, पैज ही त्यांची उदाहरणे. ज्युलियसमधील निवेदन वरवर पाहता नुसते वर्णनपर आहे : आम्ही अमुक आहोत. तथापि त्याने केलेले कार्य वर्णनाचे नाही. त्याने बारमागच्या माणसाला 'जाणणारा' बनविले, आणि जाणणारा झाल्याबरोबर तो 'चालवून घेणारा' झाला. अज्ञानाचे संरक्षण त्या वाक्याने काढून घेतले. कायदा ज्या दोन मौनांवर उभा होता त्यांतील एक मोडताच दुसरे आपोआप मोडले. निवेदनात 'शिस्तीचे' हा शब्द मुद्दाम घातलेला होता. 'समलिंगी' आणि 'शिस्तीचे' ही दोन विशेषणे एका वाक्यात, एकाच कर्त्याला लावून, त्यांनी उच्चारली. आणि कायद्याच्या रूढ अर्थानुसार ते वाक्य वदतोव्याघातच होते. तो वदतोव्याघात नाही हे सिद्ध करणे एवढाच त्या दुपारचा उद्देश. मद्याची तहान कोणालाच नव्हती. आधीच्या दोन ठिकाणी ती भागली होती.

या उपक्रमाला 'सिप-इन' म्हणू लागले. 'सिट-इन' या शब्दावरून तो बनविला होता. गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत काळ्या विद्यार्थ्यांनी जाऊन बसणे आणि उठण्यास नकार देणे, हे ते 'सिट-इन'. ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी त्याचा आरंभ झाला, आणि त्याच महिन्यात नॅशव्हिल येथील विद्यार्थ्यांनी ते पद्धतशीरपणे चालविले. नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना शिकवून तयार करणारे जेम्स लॉसन हे १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथे केला, आणि माँटगोमेरी येथील बस-बहिष्काराची वार्ता त्यांनी वाचली ती नागपुरातच. ज्युलियसमध्ये गेलेल्यांना नागपूर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांनी जे तंत्र उसने घेतले त्याच्या वाटचालीतील एक मुक्काम विदर्भात झाला होता. 'सिट'चा 'सिप' करणाऱ्याने गंमत केली असे वाटले तरी अनुकरण विचारपूर्वक होते. बसण्याच्या जागी घोट आला. मागणे तेच, इतरांस जे सहज मिळते ते आपणांसही उघडपणे मिळावे.

दुसऱ्या दिवशीच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी दिली, पण मथळ्यात त्या तिघांसाठी 'डीव्हिएट', म्हणजे विकृत वा मार्गभ्रष्ट, हा शब्द योजला. निवेदनातील दोन्ही विशेषणे बाजूला सारून वृत्तपत्राने तिसरेच लावले. प्राधिकरणाचे अध्यक्ष डोनाल्ड होस्टेटर यांनी सांगितले की, समलिंगी माणसांना मद्य देऊ नये असा प्राधिकरणाचा कोणताही नियम नाही. कोणाला द्यावयाचे हे बारमागच्या माणसाने ठरवावे. हे उत्तर शब्दशः खरे होते, आणि म्हणूनच त्याचे महत्त्व मोठे आहे. ज्या नियमाच्या भीतीने असंख्य मद्यालये बंद पडली, तो लिहिलेला नाही हे त्याच्या रक्षकानेच मान्य केले. शहराच्या मानवी हक्क आयोगाचे प्रमुख विल्यम बूथ यांनी अशा नकाराची चौकशी करण्याची तयारी दाखविली.

यातून एका दिवसात कायदा बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि ती अतिशयोक्ती वारंवार केली जाते. परिवर्तन न्यायालयांतून व हळूहळू आले, आणि ते सर्वस्वी न्यूयॉर्कचेही नव्हते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सान फ्रान्सिस्कोतील 'ब्लॅक कॅट' मद्यालयाच्या प्रकरणी १९५१ मध्येच म्हटले होते की, समलिंगी माणसे तेथे जमतात एवढ्यावरून परवाना स्थगित करता येत नाही, प्रत्यक्ष गैरवर्तनाचा पुरावा हवा. न्यूयॉर्कमध्ये १९६७ मध्ये न्यायालयाने प्राधिकरणाकडे भरीव पुराव्याची अपेक्षा केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, नीट वागणाऱ्या समलिंगी गिऱ्हाइकांना मद्यालयात येऊ दिल्यावरून परवानाधारकास शिक्षा करता येणार नाही, असा स्पष्ट निर्णय दिला. विशेषण पुन्हा वर्तनाकडे परत गेले. ग्लोरियाच्या चालकाने १९४० मध्ये जे मागितले होते, ते असे सत्तावीस वर्षांनी मिळाले.

परंतु या विजयाची एक किंमत होती. 'आम्ही शिस्तीचे आहोत' या वाक्यात, जे शिस्तीचे दिसत नाहीत त्यांच्यासाठी जागा नव्हती. स्त्रीवेष करणारे पुरुष, रस्त्यावर दिवस काढणारी घर सोडलेली मुले, पोर्टो रिकन व काळे तरुण यांना सूट-टायचा वेष उपलब्ध नव्हता, आणि कित्येकांना तो नकोही होता. ज्युलियसपासून चालत दोन मिनिटांवर ख्रिस्टोफर रस्त्यावर 'स्टोनवॉल इन' होते. तेथे मद्याचा परवानाच नव्हता. १९६७ पासून टोळीवाले ते खाजगी क्लबाच्या नावाखाली चालवीत. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी तेथे धाड घातली, आणि त्या वेळी गिऱ्हाइकांनी जे केले ते कोणत्याही कोशाप्रमाणे 'डिसऑर्डर्ली'च होते. त्यानंतरच्या काळात चळवळीने आपला आरंभबिंदू म्हणून स्टोनवॉल निवडले, ज्युलियस नव्हे. दंगलीची कथा निवेदनाच्या कथेपेक्षा सांगावयास सोपी असते. तथापि ही दोन ठिकाणे परस्परविरोधी टोके म्हणून मांडणेही योग्य नाही. क्रेग रॉडवेल दोन्हीकडे होते. त्यांनी १९६७ मध्ये ऑस्कर वाइल्डच्या नावाने पुस्तकांचे दुकान काढले, स्टोनवॉलच्या रात्री ते रस्त्यावर होते, आणि २८ जून १९७० रोजी निघालेल्या वार्षिक मोर्चाची कल्पना मांडणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

ज्युलियसचे पुढील आयुष्य मात्र मोर्चांपेक्षा नेहमीच्या बैठकीत गेले. शहरातील अनेक समलिंगी मद्यालये उघडली आणि मिटली. हे चालत राहिले. त्याचे गिऱ्हाईक त्याच्याबरोबर वयाने वाढले, आणि पुष्कळ वर्षे ते प्रौढांचे मद्यालय म्हणून ओळखले गेले. १९८१ पासून एड्सने या वस्तीतील माणसे नेली. थोड्याच अंतरावरील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात १९८४ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र विभाग उघडावा लागला. ते रुग्णालय २०१० मध्ये बंद झाले. अशा काळात नेहमीच्या मद्यालयाचे काम काय असते याची नोंद कोणी ठेवीत नाही. रोजचा माणूस चार दिवस दिसला नाही हे प्रथम तेथे कळते. चित्रपटवाल्यांना ही जागा तिच्या जुनेपणामुळे आवडली. १९७० चा 'द बॉइज इन द बँड' आणि २०१८ चा 'कॅन यू एव्हर फरगिव्ह मी?' यांतील काही दृश्ये तेथली आहेत. २००८ पासून तेथे 'मॅटाशीन' याच नावाने मासिक मेळावा भरू लागला, आणि बारपाशी उभे राहण्यासाठी निवेदन करावे लागत असे हे ज्यांना ऐकूनच ठाऊक होते असे तरुण तेथे येऊ लागले. मॅक्‌डॅरा यांचे छायाचित्र भिंतीवर लागले. ज्या चालकांच्या काळात पेल्यावर हात आला त्यांची लाज झाकण्याचा प्रयत्न त्यांच्या वारसांनी केला नाही, हे त्यांच्या श्रेयास जाते.

शासकीय मान्यता उशिरा आली. स्टोनवॉल १९९९ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेले. ज्युलियसची नोंद झाली ती एप्रिल २०१६ मध्ये, त्या दुपारला पन्नास वर्षे झाली तेव्हा. ६ डिसेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्क शहराच्या स्मारक संरक्षण आयोगाने ज्युलियसची इमारत शहराचे स्मारक म्हणून घोषित केली. अशा घोषणेने जपले जाते ते इमारतीचे बाह्य रूप : भिंती, खिडक्या, कोपऱ्यावरचा दर्शनी भाग. आत कोणता धंदा चालावा हे आयोग ठरवीत नाही. आणि ज्या बारवर तो पेला ठेवला गेला होता तो या घोषणेत येत नाही.